दुकानदाराची बायको वाचनालयात

आमचं पुस्तकांचं दुकान आहे आणि मी गावातल्या वाचनालयाची सभासद आहे. ह्यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही, पण गाव हसतं. हलवायाच्या बायकोनं शेजारच्या दुकानातून पेढे आणावेत, तसं त्यांना ते वाटतं. आमच्या मालकांना तर ते फार लागायचं. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडं नवऱ्याला मालकच म्हणतात, मग त्याच्या मालकीचं काही असो नसो. "लोक काय म्हणत असतील," असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, "म्हणत असतील की दुकानदाराच्या बायकोला वाचता येतं." मग ते कपाळाला आठी घालून वह्या मोजायला लागायचे.

आमचं गाव परतूरहून मंठ्याकडं जाताना लागतं. बाजाराचं गाव आहे, आसपासच्या खेड्यांतली माणसं आठवड्याच्या बाजाराला इथंच येतात. दुकान मेन रोडवर, एसटी स्टँडच्या समोर होतं. मी जाफराबादकडची. माहेरी कपाशी आणि सोयाबीन, आणि घरात पुस्तक म्हणजे पंचांग नाहीतर भावाची शाळेची पुस्तकं. पुस्तकाच्या दुकानात लग्न ठरलं तेव्हा मी मनातल्या मनात उड्या मारल्या होत्या. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक कादंबरी उचलली आणि काउंटरच्या मागं बसून वाचायला लागले. सासरे आले, बघितलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "सूनबाई, ते विकायचंय." मी ठेवून दिली. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण माझा जीव त्या कादंबरीत अडकला तो अडकलाच. कुणीतरी ती विकत घेऊन गेलं आणि पुढं काय झालं ते मला कळलं नाही.

दुकानाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. त्याच दुकानावर आमची चूल पेटते. जूनमध्ये पोरं धापा टाकत येतात, "काका, नववीची भूमिती," आणि मालक मान वर न करता हात मागं नेऊन बरोबर तेच पुस्तक काढतात. जे नसेल ते जालन्याहून एसटीच्या पार्सलनं दुसऱ्या दिवशी हजर. पोलीस भरतीची, तलाठ्याची, नर्सिंगची पुस्तकं मागावीत आणि आमच्याकडं नसावीत असं फार कमी होतं. ज्याला काय पाहिजे ते माहीत आहे, त्याला दुकानासारखी सोय नाही.

पण ज्याला माहीत नाही त्याची दुकानात फार पंचाईत होते. आमच्या दुकानात पहिला प्रश्न एकच, "काय पाहिजे?" बाई येते, फळीकडं बघत उभी राहते, कुठल्यातरी रंगीत कव्हरवर तिची नजर अडकते. मागं गर्दी वाढते. मालक म्हणतात, "बोला जल्दी." मग ती एक पेन घेते आणि जाते. काउंटरवर उभ्या राहून मी अशा किती बायांना पेन विकलेत. त्यांना पेन नको होतं, हे मला दिसायचं. पण दुकानात उभं राहायचं तर काहीतरी घ्यावं लागतं, आणि घेतलं की ते तुमच्या गळ्यात. आमच्या गल्ल्याच्या वर पाटीच होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही म्हणून.

वाचनालय दुकानापासून हाकेच्या अंतरावर. एकच मोठी खोली, जाळीच्या दारांची लोखंडी कपाटं, मधोमध पेपर वाचायचं उतरतं टेबल. सकाळी पेन्शनर मंडळी पेपर वाचून राजकारणावर भांडतात आणि घरी जातात. दुपारी कुणी नसतं. तिथले ग्रंथपाल सर एकदम निवांत माणूस. दुपारी टेबलावर डोकं टेकवून बसायचे, मी आले की एक डोळा उघडायचे आणि परत मिटायचे. "काय पाहिजे" असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. त्याला आळस म्हणा हवं तर, पण त्या आळसाचा मला फार फायदा झाला. मी कपाटं उघडायचे, एक पुस्तक काढायचे, चार पानं वाचायचे, परत ठेवायचे. घरी नेलेलं आवडलं नाही तर दुसऱ्या दिवशी आणून द्यायचे, "सर, हे नको." सर म्हणायचे, "बरं." बस, एवढंच. मला पहिल्यांदा असं 'नको' म्हणता आलं तेव्हा इतकं मोकळं वाटलं की मी उगाचच आणखी एक पुस्तक परत केलं.

आणि तिथं एक भानगड होती, ती मला हळूहळू समजली. आमच्या वाचनालयातल्या बाया पुस्तकावर खुणा करतात. पुस्तकांना सगळ्यांना तेच खाकी कव्हर, नावं पुसट झालेली, त्यामुळं वाचलेलं पुस्तक परत घरी जायचं. घरी गेल्यावर दोन पानांत कळायचं आणि पुढचा आठवडा वाया. म्हणून प्रत्येकीनं एकविसाव्या पानाच्या खाली पेन्सिलनं आपली खूण करायची. कुणाचं टिंब, कुणाची फुली, कुणाचं छोटं जास्वंदीचं फूल. कपाटासमोर उभं राहायचं, एकविसावं पान उघडायचं, आपली खूण दिसली की परत ठेवायचं. हे कुणी सुरू केलं माहीत नाही. भिंतीवर 'पुस्तकावर लिहू नये' असं लिहिलेलं होतं आणि सरांना हे सगळं माहीत होतं, पण त्यांनी कधी रबर हातात घेतलं नाही. पुढं पुढं खुणांचा दुसराच उपयोग व्हायला लागला. फुलीवाली बाई मी कधी पाहिली नव्हती, पण ती जे वाचायची ते मला आवडायचं. खुणांची दाटी असलेलं पुस्तक दिसलं की मी डोळे मिटून घरी न्यायचे.

आता वाचनालयाचं एक पुस्तक आमच्या दुकानातून विकलं गेलं, त्याची गोष्ट. ते मालकांनी केलं, मी नाही, हे आधीच सांगते.

जूनची गर्दी होती. आमच्याकडं पोरं जुनी पुस्तकं आणून देतात आणि ती आम्ही कमी किमतीत विकतो, त्यांचा ढीग काउंटरच्या कडेला असतो. मी वाचनालयातून आणून वाचून संपवलेली कादंबरी त्या ढिगाच्या बाजूला, माझ्या स्टुलावर ठेवली आणि स्वयंपाकाला घरी गेले. परत आले तर स्टूल रिकामं.

"इथलं पुस्तक कुठंय?"

"कोणतं? ते खाकी? ते गेलं की."

"गेलं म्हंजे?"

"विकलं. एक बाई आल्ती लेकीची पुस्तकं घ्यायला. हे गोष्टीचं हाये का म्हणली. मी म्हणलं हाये. घेऊन गेली."

"अहो, त्याच्यावर वाचनालयाचा शिक्का होता."

"जुन्या पुस्तकांवर कुठल्या ना कुठल्या शाळेचा शिक्का असतोच. मी काय प्रत्येक शिक्का वाचत बसू का गर्दीत?"

अख्ख्या जिल्ह्यात वाचनालयाचं पुस्तक विकून दाखवणारा दुकानदार आमच्याच घरात निघावा, ह्याला काय म्हणायचं. मी त्यांना म्हणाले, "उद्या कपाट बी विका." ते हसले. मला हसू आलं नाही.

बाई कुठली एवढं मात्र त्यांना माहीत होतं. मंठ्याच्या बाजूचं एक खेडं, विहाराच्या गल्लीतलं घर. गर्दी सरल्यावर आणि पावसानं उघाड दिल्यावर मी काळीपिवळी जीप धरून गेले. घराला कडी. शेजारणीनं सांगितलं, खुरपणीला गेल्यात, ओढ्याच्या पलीकडं. चिखल तुडवत तिथवर गेले तर बाया जेवायला बसल्या होत्या, बांधावरच्या लिंबाखाली. आणि त्यांच्यात एक बाई, साधारण माझ्याच वयाची, भाकरी मांडीवर ठेवून मोठ्यानं वाचत होती. बाकीच्या जेवत होत्या आणि ऐकत होत्या. पुस्तक माझंच.

मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. "मी चोरलं न्हाई बाई. पैसे देऊन घेतलं."

"चोरलं असं कोण म्हणतंय? आमच्याच मालकांनी विकलं. ते वाचनालयाचं हाये, मला परत द्यायचंय. पैसे आणलेत मी तुमचे."

ती काही बोलायच्या आत बाकीच्या बायाच बोलल्या. "असं कसं नेता? निम्म्यावर आलंय." "त्या पोरीचं लग्न होतंय का न्हाई एवढं तरी कळू द्या." मी म्हणाले, मला माहीत आहे, मी वाचलंय, सांगू का? तर सगळ्या एकदम ओरडल्या, "सांगू नका, सांगू नका." एकीनं तर कानावर हात ठेवले, भाजीच्या हातानं. मला त्यावेळी इतका आनंद झाला की मी त्यांच्यात खाली बसले. त्यांनी मला भाकरी आणि ठेचा दिला. मीही ऐकलं, वाचलेलंच, पण त्या बाईच्या आवाजात ते मला नवीन लागलं. नववीपर्यंत शिकलेली होती. तिच्या सासऱ्यांनी भिंतीला फळी ठोकून त्यावर पुस्तकं ठेवली होती, म्हणाली, पण ती सगळी वाचून झाली, आणि नंतर घरात आली ती फक्त लेकीची शाळेची.

आणलेले पैसे तिच्या हातात ठेवून मी सांगितलं, "असं करा. ठेवा तुमच्याकडं. वाचून झालं की बाजाराच्या दिवशी वाचनालयात आणून द्या. दुसरं देतील."

"दुसरं कशावर?"

"ह्याच्यावर. हे द्यायचं, दुसरं घ्यायचं."

"म्हंजे भांडीवाल्याकडं मोड घालतो तसं? हे मोडीत घालायचं, वरून पैसे देऊन दुसरं घ्यायचं?"

"मोडीत न्हाई हो. हे परत द्यायचं. मंग ते दुसरी कुणीतरी नेईल. तुम्ही दुसरं न्या. ते झालं की तिसरं."

"अन् माझं कोणतं?"

"तुमचं कोणतंच न्हाई."

ती विचारात पडली. मला वाटलं, आता नको म्हणते. पण तिनं विचारलं, "अन् न्हाई आवडलं तर?" मी म्हणाले, "परत आणायचं, कुणी काही बोलत न्हाई." तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

बाजाराच्या दिवशी ती आली. अनामत मी भरली, सरांनी कार्ड केलं. कपाटासमोर तिला उभं केलं आणि खुणांची गोष्ट सांगितली. तिनं बराच विचार करून खुरप्याच्या पात्यासारखी एक वाकडी रेघ ठरवली. पुढच्या बाजाराला तिच्याबरोबर आणखी एक आली, मग आणखी दोघी. कुणाला वाचता येत होतं, कुणाला नुसतं ऐकायला पाहिजे होतं. सरांना दुपारची झोप मिळेना. ते माझ्याकडं बघून कुरकुरायचे, "काय लावून ठेवलंय तुम्ही." पण पाण्याचा माठ भरून ठेवायला लागले.

असं सगळं बरं चाललं होतं आणि मेन रोड रुंद व्हायची बातमी आली. आमच्या दुकानाची पुढची बाजू जाणार होती. उरणार होतं ते एवढं अरुंद की आत एक कपाट ठेवलं तर माणसानं बाहेर उभं राहावं. मालक हैराण झाले. रोज कुठं ना कुठं जागा बघायला जायचे. जी स्टँडजवळ ती परवडायची नाही, जी परवडायची तिथं कुत्रं फिरकायचं नाही. त्यांच्या जिवाला घोर लागला होता, तो मला दिसत होता.

त्यातच एक दिवस सर म्हणाले, "बरं झालं, वाचनालय तुमच्याच घरात येतंय."

"म्हंजे?"

सरांनी डोळे नीट उघडले. त्यांना वाटलं होतं मला माहीत असेल. सर रिटायर होऊन पुण्याला लेकाकडं जाणार होते. दुसरा ग्रंथपाल ठेवायला संस्थेकडं पैसे नव्हते. तेव्हा खोली भाड्यानं द्यायची आणि पुस्तकं पोत्यांत भरून शाळेच्या अडगळीच्या खोलीत ठेवायची, असं कार्यकारिणीच्या मनात होतं. आणि खोलीसाठी अर्ज आला होता आमच्या मालकांचा.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. घरी आले ती चप्पलही न काढता विचारलं, "अहो, खोली तुम्ही मागितली?"

"मागितली. मंग? दुकान काय डोक्यावर घेऊन फिरू?"

"मला सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर तू हेच केलं असतं, जे आता करून राह्यली."

ते बरोबरच होतं, पण म्हणून माझा राग कमी झाला नाही. मग ते समजुतीच्या सुरात बोलायला लागले. "हे बघ, तुला पुस्तकंच पाहिजेत ना? त्यातलं एक कपाट आपण ठेवून घेऊ. तुझं. त्याला कुणी हात लावणार न्हाई. वरून नवीन येतील त्यातली बी तू वाच, मी कधी अडवलं? दुकान हाये की आपलं."

"मला कपाट न्हाई पाहिजे."

"मंग काय पाहिजे?"

त्या क्षणी मला सांगता येईना. पुस्तकं तर ते देतच होते. पुस्तकांनी भरलेली तीच खोली, तेच कपाट, शिवाय नव्या कोऱ्या पुस्तकांचा वास. मला स्वतःलाच वाटलं, माझं नेमकं काय जातंय? रात्री भाकरी थापताना मला शब्द सापडले. ते जेवायला बसले होते. मी विचारलं, "ती खुरपणीवाली बाई तुमच्या नव्या दुकानात आली तर काय घेईल?"

"लेकीच्या वह्या."

"अन् स्वतःला?"

त्यांनी घास चावला. "स्वतःला काय घेणार बिचारी."

"तेच सांगून राह्यले मी."

ते जेवून उठले. पण अर्ज मागं घेतला नाही. आणि खरं सांगायचं तर, मी त्यांच्या जागी असते तर मीही घेतला नसता. दुकान बुडालं तर आम्ही खायचं काय, हा प्रश्न होताच. पण दुकानाला दुसरी जागा, वाईट का होईना, मिळणार होती. वाचनालय एकदा पोत्यात गेलं की ते पोत्यातच राहिलं असतं. मी हा विचार उलटसुलट करून पाहिला आणि ठरवलं, खोली जाऊ द्यायची नाही.

कार्यकारिणीची सभा बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवली होती. सभासदाला बसायचा हक्क असतो, म्हणून मी जाऊन बसले. अध्यक्ष गावातले जुने बागायतदार, वयस्कर. बाकी तिघंचौघं तसेच. एका कडेला आमचे मालक. मला बघून त्यांनी खिडकीकडं तोंड केलं.

मी बोलायला उठले तर अध्यक्ष हसत म्हणाले, "वहिनी, हे घरचं प्रकरण घरी मिटवा. आम्हाला कशाला मधी घेता?"

सगळे हसले. मालकांचे कान लाल झाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज चढवला नाही, कारण आवाज चढला की बाई भांडकुदळ, हे त्यांचं ठरलेलं. मी म्हणाले, "घरचं असतं तर घरीच मिटवलं असतं. ते मला बराबर येतं. मी इथं सभासद म्हणून आलेय."

"बरं, बोला. पण आता वाचतं कोण, सांगा. सगळे फोनमध्ये."

मी जवळचं कपाट उघडलं, हाताला आली तेवढी पुस्तकं त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, एकविसावं पान काढा. अध्यक्षांनी चष्मा लावला. एकजण म्हणाला, "हे काय? बायांनी पुस्तकं खराब केलीत."

"हो. वाचून खराब केलीत. दुकानात एकसुद्धा असं खराब झालेलं पुस्तक मिळणार न्हाई तुम्हाला. मी दुकानातच उभी असते, मला विचारा. तिथं गिऱ्हाईक आलं की आम्ही पुस्तक देतो अन् आमचं काम संपतं. त्यानं ते वाचलं का कोपऱ्यात टाकलं, आम्हाला काय त्याचं. इथं तसं न्हाई. इथं बाई पुस्तक नेते ते परत आणायचं म्हणून नेते, म्हणून ती जल्दी वाचते. मागं दुसरी वाट बघत असते. एक पुस्तक अख्ख्या शेतातल्या बायांनी ऐकलंय, मी डोळ्यांनी पाहिलंय. अन् ते पुस्तक आमच्या दुकानातून गेल्तं, चुकून. जाणूनबुजून आम्ही त्यांना कधी काही दिलं न्हाई."

मालक खिडकीकडंच बघत होते. अध्यक्षांनी घसा साफ केला. "सगळं खरं. पण सर चालले. उघडणार कोण? पगार द्यायला पैसा न्हाई."

"मी उघडीन."

"अन् दुकानात?"

मी मालकांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर माझी जीभ अडखळली असती. "दुपारी मी इथं बसणार," मी म्हणाले.

अध्यक्षांनी मालकांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

मालक उठले. "मला खोली पाहिजे. तिला बी पाहिजे. तुम्ही ठरवा." आणि निघून गेले. दारात बाया बसल्या होत्या, पिशव्या मांडीवर घेऊन. त्यांनी सरकून त्यांना वाट दिली. त्यांच्यातूनच ती खुरपणीवाली बाई आत डोकावली आणि मला म्हणाली, "बाई, झालं का? पुस्तक बदलायचं होतं. आमची जीप निघंल." तिला सभा वगैरे काही माहीत नव्हतं. अध्यक्षांनी तिच्या हातातल्या खाकी पुस्तकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "पुढच्या सालच्या सभेपर्यंत चालवा. मंग बघू." मी उठले आणि आधी तिचं पुस्तक बदलून दिलं.

मी जिंकले, असं मला घरी जाताना वाटलं नाही. एकाच दुपारी मालकांची खोली गेली आणि काउंटरवरचं माणूसही गेलं. दुकान भाजी मंडईच्या मागच्या बोळात गेलं. तिथं जाणारं-येणारं गिऱ्हाईक नाही, ज्याला नड आहे तोच शोधत येतो. जूनमध्ये मी म्हणाले, सकाळची मी दुकानात येते. ते म्हणाले, "तू जा तुझ्या वाचनालयात." आमच्यात बोलणं उरलं ते मिठाचं आणि पाण्याचं. मला फार वाईट वाटायचं. कधी कधी दुपारी रिकाम्या खोलीत बसून मी रडलेय. पण कुलूप रोज उघडलं. तापातही उघडलं. एकदा ठरवल्यावर मागं फिरणं मला जमत नाही, त्याला हट्ट म्हणा नाहीतर काही म्हणा.

मग एक अकरावीतली मुलगी यायला लागली. बारीक चणीची, कमी बोलणारी. कपाटांतलं बरंच वाचून झालं आणि तिनं एका नव्या कादंबरीचं नाव घेतलं. आमच्याकडं नव्हती. अनुदान आलं की मागवू, मी म्हणाले, आणि अनुदान कधी येतं ते मला माहीत होतं. ती म्हणाली, "दुकानात आहे. मंडईच्या मागं. मी काकांना विचारलं, इथंच उभं राहून थोडं वाचू का? ते म्हणाले, बाळा, हे दुकान हाये."

तिला माहीत नव्हतं काका माझे कोण ते. मी तिला दुसरं एक पुस्तक काढून दिलं. घरी जाऊनही मालकांकडं हा विषय काढला नाही. त्यांच्याकडं शब्द टाकायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. आधीच त्यांची खोली घेतली होती, आणखी काय काय मागायचं?

चार दिवसांनी, मी खिडक्या लावत होते, तर दारात मालक. त्या सभेनंतर वाचनालयाची पायरी ते पहिल्यांदाच चढले होते. आत येऊन त्यांनी कपाटांवरून नजर फिरवली आणि टेबलावर एक पुस्तक ठेवलं. तीच कादंबरी.

"हे ठेव इथं. खराब झालंय."

"काय झालं?"

"पोरी येऊन हाताळतेत. पाठ सैल झाली, पानं निघायला आली. गिऱ्हाईक घेत न्हाई असलं."

"परत पाठवा की जालन्याला."

"घेत न्हाईत ते," म्हणाले आणि वळले. मी काही म्हणायच्या आत पायऱ्या उतरूनही गेले.

मी पुस्तक उघडलं. पाठ करकरली. पानांच्या कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या, त्या मला नखानं सोडवाव्या लागल्या. इतकी वर्षं काउंटरवर काढलीत, कुणीही न उघडलेलं पुस्तक माझ्या हाताला कळतं. मग शिक्का मारला, खाकी कव्हर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी ते त्या मुलीला दिलं.

तिनं वाचलं, तिच्या मैत्रिणीनं वाचलं, मग ते बाजाराच्या दिवशी खेड्यात गेलं. तिथून परवा परत आलं तेव्हा पाठ खरंच सैल झाली होती आणि मधली दोन पानं निघून आली होती. घरी मी मालकांना सांगितलं, ते पुस्तक आता कुणी विकत घेणार नाही. ते म्हणाले, "मी तेव्हाच म्हणलो होतो."